कुर्डुवाडी स्टेशन (जुनं बार्शी रोड): नक्की किती जुनं आणि नॅरोगेजचं काय उरलंय?

सीनाकाठ
मंडळी, आमच्या कुर्डुवाडीच्या स्टेशनबद्दल गावात विचाराल तितक्या तऱ्हा ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं बार्शी लाईट (इथून बार्शीकडं जाणारी जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे) निघाली तेव्हाचं, कोणी म्हणतं त्याच्याही आधीचं, आणि एकजण तर छातीठोकपणे १८५३ सांगतो, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच साली इथंही स्टेशन होतं असं त्याचं म्हणणं! मला नीट साल पाहिजे. आणि दुसरं म्हणजे या स्टेशनाचं नाव आधी 'बार्शी रोड' होतं हे सगळ्यांना माहितीये, पण बार्शी इथून पस्तीसेक किलोमीटर लांब. एवढी मोठी बाजारपेठ सोडून रेल्वे माळावरून का गेली?

माझं स्वतःचं मत आधीच सांगून टाकतो. कुर्डू गाव जुनं, पण कुर्डुवाडी हे शहर स्टेशननं जन्माला घातलंय, आणि ते वाढवलं मेन लाईननं कमी आणि नॅरोगेजनं जास्त. गाडी बदलायची म्हणून माणसं इथं उतरली, माल बदलायचा म्हणून हमाल आले, इंजिनं दुरुस्त करायची म्हणून वर्कशॉप आलं, आणि या सगळ्यांच्या पोटापाण्यासाठी बाजार आला. आता दुहेरीकरण झालं, वर तारा आल्या, आणि जुन्या खुणा एकेक करून जातायत. नॅरोगेजवर काम केलेली माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्याला जे माहितीये ते इथं लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.

ज्वारीची_भाकर
जागा पकडून ठेवतोय. वाचतो सगळं.

रूळवेडा
छान विषय काढलात सीनाकाठ. सालाचं आधी बघू.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याहून पुढची लाईन १८५८ च्या डिसेंबरात दिक्सळपर्यंत सुरू झाली, १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. म्हणजे तुमच्या स्टेशनाला १८५९ हे साल आहे. १८५३ नाही, आणि १८९७ पण नाही. ९७ हे बार्शी लाईटचं.

आता यातली मला कायम भारी वाटणारी गोष्ट. १८५९ ला कुर्डुवाडीला गाडी येत होती, पण बोरघाट तेव्हा पूर्ण झालाच नव्हता! घाट सुरू झाला २१ एप्रिल १८६३ ला. मधल्या काळात घाटाच्या वर एक रेल्वे आणि घाटाच्या खाली एक रेल्वे असा प्रकार होता, मधलं अंतर माणसांनी पालखीतनं, घोड्यावरनं नाहीतर पायी आणि मालानं बैलगाडीतनं काटायचं. बार्शीचा कापूस मुंबईला कसा जात असेल बघा, बैलगाडीनं बार्शी रोडला, तिथून गाडीत खंडाळ्याला, परत बैलगाडी, घाट उतरून परत गाडी. आणि हे चालू असतानाच १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बार्शी रोड स्टेशन अगदी त्या वेळेला तयार होतं. तुमच्या गावाचं नशीब तिथं उघडलं असं मला वाटतं.

माहेर_बार्शी
मी बार्शीची. आमच्याकडं लहानपणापासून एकच ऐकलंय, की इंग्रज बार्शीतनंच रेल्वे नेणार होते पण इथल्या व्यापाऱ्यांनी नको म्हणून सांगितलं, धुरानं पिकं जळतील, गावात परकी माणसं येतील, धर्म बुडेल वगैरे. माझे आजोबा अगदी रंगवून सांगायचे. ते खोटं बोलणारे नव्हते हो.

रूळवेडा
@माहेर_बार्शी ताई, आजोबा खोटं बोलत नसणार, त्यांनीही ते कुणाकडून ऐकलेलं असणार. पण ही गोष्ट मी इतक्या गावांबद्दल ऐकलीये की मला ती पटत नाही. जे जे मोठं गाव रेल्वेपासून लांब राहिलं त्या गावात हीच गोष्ट सांगतात, पिकं जळतील, कोंबड्या अंडी घालणार नाहीत, सगळं तेच.

नकाशा उघडून बघा. कंपनीला जायचं होतं सोलापूरवरून रायचूरला, तिथं मद्रासकडून येणाऱ्या लाईनला भेटायला, आणि ती भेट झाली १८७१ मध्ये. जीआयपीचे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली यांना कमी चढाची, कमी पुलांची वाट हवी होती. दौंड सोडलं की भीमेच्या खोऱ्यानं सरळ आग्नेयेला उतरत जाता येतं. बार्शी या वाटेच्या उत्तरेला, बालाघाटाच्या पायथ्याशी. तिकडं वळायचं तर लाईन लांबणार आणि खर्च वाढणार. त्या काळी कंपनीच्या भागधारकांना सरकारनं पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती हे खरं, तरी तीस-चाळीस मैलांचा वळसा एका बाजारपेठेसाठी कोणी घेत नाही. म्हणून जवळात जवळ जिथं रस्ता लाईनला मिळतो तिथं स्टेशन करायचं आणि त्याला त्या गावाचं नाव देऊन पुढं 'रोड' लावायचं. नाशिकचंही तसंच, गाव लांब आणि स्टेशन लांब, तिथं तर गाव ते स्टेशन ट्राम होती एके काळी.

माहेर_बार्शी
बरं, भीमेचं खोरं पटलं. पण व्यापाऱ्यांची गोष्ट आमच्या गावानं दीडशे वर्षं सांभाळलीये, ती मी मुलांना सांगणारच :)

लातूरकर
बार्शी लाईटच्या आठवणी काढल्यात म्हणून लिहितो. येडशीजवळचा रामलिंगचा घाट ज्यानं नॅरोगेजनं काढलाय त्यालाच कळेल. आमची आजी म्हणायची, गाडीत बसायच्या आधी पोटभर खाऊन घ्या, घाट चढेस्तोवर पचतंय. पावसाळ्यात खिडकीतनं हात बाहेर काढला की ओल्या झाडाच्या फांद्या हाताला लागायच्या इतकी ती गाडी डोंगराला चिकटून जायची.

आणि हो, पोरं गाडीतनं उतरून बोरं तोडून परत चढायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पुणेरी_पांथस्थ
हे उतरून बोरं तोडून परत चढणं प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात. माथेरानच्या गाडीबद्दलही सांगतात आणि विदर्भातल्या शकुंतलेबद्दलही. रूळवेडा, वर कोंबड्यांच्या अंड्यांना जो न्याय लावलात तोच इथं लावा की.

गार्डाचा_मुलगा
@पुणेरी_पांथस्थ बोरं तोडली का नाही ते लातूरकर जाणे, पण घाटात गाडी चालत्या माणसाच्या वेगावर यायची हे मात्र पक्कं. वडील नॅरोगेजला गार्ड होते. मी त्यांच्या ब्रेकव्हॅनमधनं फिरलोय.

चढावर, त्यात पहाटे दंव पडलेलं असलं किंवा पहिला पाऊस झालेला असला की रूळ तेलकट होतो आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं. इंजिनाला वाळूची पेटी असते, तिच्यातनं नळीनं चाकाच्या अगदी पुढं रुळावर वाळू सोडायची, म्हणजे चाक पकड घेतं. वाळू कोरडी लागते, ओली झाली की नळीत अडकून बसते. मग खलाशी (इंजिनावरचा मदतनीस) खाली उतरून इंजिनाच्या पुढं पुढं चालत मुठीनं रुळावर वाळू टाकायचा. हे मी जवळनं बघितलंय, दोन्ही रुळांवर, एक मूठ इकडं एक मूठ तिकडं, आणि मागनं इंजिन हळूहळू येतंय. तेव्हा खलाशी जर इंजिनापुढं चालू शकतो तर पोरानं बोरं का तोडू नयेत :)

पुणेरी_पांथस्थ
हे पटलं. लिहा अजून.

चंद्रभागा
वारीचं कोणी लिहिलं नाही अजून म्हणून मी लिहिते. पंढरपूरला रेल्वे आली १९०६ मध्ये, ती बार्शी लाईटची. त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं लांबचा वारकरी बार्शी रोडला उतरायचा आणि पुढचं अंतर पायी नाहीतर बैलगाडीनं. लाईननं ते बावन्न किलोमीटर भरतं. म्हणजे कुर्डुवाडी हे पंढरपूरचंच दार होतं म्हणा ना. पालखीबरोबर चालणारे ते वेगळे, पण खानदेशातनं, मुंबईतनं, खाली कर्नाटकातनं येणारी कितीतरी माणसं या फलाटावर उतरून पहिल्यांदा विठ्ठलाचं नाव घेत असणार.

आषाढी-कार्तिकीला लाईटला डबे पुरायचेच नाहीत, म्हणून मालाच्या वाघिणीतनं, म्हणजे मालडब्यातनं माणसं न्यायचे. आमच्या घरातल्या थोरल्या आत्या सांगायच्या, वाघिणीत बसायला काही नाही, खाली बोचकी टाकून त्यावर बसायचं, दार उघडंच, आणि कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत टाळ थांबायचे नाहीत. पलीकडच्या डब्यातले वेगळा अभंग म्हणतायत, यांचा वेगळा, आणि गाडी हळू असल्यामुळं दोन्ही ऐकू यायचे.

ज्वारीची_भाकर
आत्यांचं ऐकून अंगावर काटा आला. राम कृष्ण हरी.

रूळवेडा
चंद्रभागाताईंनी वाघिणींचं काढलं ते बरं झालं, कारण त्या वाघिणीच बार्शी लाईटचं खरं वैशिष्ट्य.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८० च्या दशकात जीआयपीत नोकरीला होता. बार्शी रोड ते बार्शी स्वस्तातली छोटी लाईन टाकता येईल हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून, आणि त्याच्या पाठीमागं लागून १८९५ मध्ये त्यानं लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली. १८९७ ला गाडी सुरू. गेज अडीच फूट. त्याचं गणित असं होतं की इंजिन असो, प्रवासी डबा असो की भरलेली वाघीण असो, कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांच्या वर वजन यायला नको. सगळ्यांना एकच मर्यादा. मग हलका रूळ चालतो, यार्डाला ३० पौंडी, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. हलका रूळ म्हटलं की पूल स्वस्त, भराव स्वस्त, सगळंच स्वस्त. पण इंजिनात ताकद तर पाहिजे, म्हणून वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं. लीड्सच्या किटसन कंपनीची पहिली इंजिनं एकमेकांना जोडलेली आठ चाकं असलेली होती ती त्यासाठीच. वाघिणीही लांब, बोगीवाल्या, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या. स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त. त्या काळच्या नॅरोगेजच्या मानानं हे फार पुढचं काम होतं, आणि नंतर इतर ठिकाणच्या छोट्या लाईनवाल्यांनी बार्शीकडं बघून आपापले आराखडे केले.

हाच माणूस पुढं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या लाईनचाही इंजिनिअर होता, ती १९०४ ची. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. अरबी घोड्यांचंही वेड होतं त्याला. आमच्या बार्शी लाईटच्या माणसानं वैमानिकांचे जीव वाचवायचा ध्यास घेतला हे मला फार आवडतं.

लातूरकर
पॅराशूट!! हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लातूरला गाडी कधी आली तेही सांगा.

रूळवेडा
१९११. आणि पंढरपूरकडनं पुढं मिरजेपर्यंत १९२७ ला. सगळी मिळून २०२ मैल, सव्वातीनशे किलोमीटर. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली.

गार्डाचा_मुलगा
सीनाकाठनी वर हमालांचं लिहिलंय त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ते कुठंच लिहिलेलं सापडत नाही.

नॅरोगेजची वाघीण आली की तिच्या शेजारी ब्रॉडगेजची वाघीण लावायची. दोन्हींची उंची वेगळी, त्यामुळं मधली फळी तिरकी. लातूर-बार्शीकडनं आलेली कापसाची गाठ त्या फळीवरनं वर चढवायची. जुन्या मापाची गाठ ३९२ पौंडाची, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. हमालाच्या हातात लोखंडी आकडा. गाठीला जे पट्टे आवळलेले असतात त्यात आकडा नाही घालायचा, पट्टा तुटला तर गाठ फुटते. कापडात, कोपऱ्याजवळ घालायचा. दोघं पुढनं ओढणार, दोघं मागनं खांदा लावणार, आणि गाठ सरळ उचलायची नाही, कोपऱ्यावर उभी करून फिरवत फिरवत न्यायची. सिमेंट, साखर, भुईमूग, डाळ, खत, सगळं असंच इकडचं तिकडं. उलट दिशेनं तिरकी फळी उतरती व्हायची, ते जास्त धोक्याचं, गाठ अंगावर येते.

वडील सांगायचे, गाडी वेळेत सुटणं आमच्या हातात नसायचं, हमालांच्या हातात असायचं. त्या लोकांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. सीनाकाठ म्हणतात ते खरंय, गाव त्यांनी उभं केलं.

पुणेरी_पांथस्थ
मी जरा वेगळा सूर लावतो. गार्डाचा_मुलगा यांनी जे लिहिलं तेच नॅरोगेज जाण्याचं कारण आहे. प्रत्येक पोतं दोनदा उचलायचं, त्यात वेळ जाणार, फूटतूट होणार, चोरी होणार, हमालाची कंबर जाणार. माणसाला लातूरहून मुंबईला जायचं तर अर्धी रात्र कुर्डुवाडीच्या फलाटावर पोरंबाळं घेऊन बसायचं. २००८ ला लातूरकडनं कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज पूर्ण झाली आणि माणूस लातूरला बसून थेट मुंबईला उतरायला लागला. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्याचं ठिकाण असून जुन्या लाईनवर नव्हतं, नवी लाईन वळवून तिकडनं नेली. या गोष्टी लहान नाहीत. ज्यांना रोज त्या गाडीनं जावं लागत होतं त्यांना विचारा, त्यांना नॅरोगेजचं काही कौतुक नव्हतं.

लातूरकर
@पुणेरी_पांथस्थ शंभर टक्के. माझी बहीण पुण्याला शिकायला होती तेव्हा तिला आणायला-सोडायला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. ब्रॉडगेज पाहिजेच होती. घाटाची मजा सुट्टीत जाणाऱ्या पोराला, कामाला जाणाऱ्याला नाही.

सीनाकाठ
ब्रॉडगेज नको होती असं मी म्हणतच नाहीये. जी लाईन शंभर वर्षं चालली, तिच्यावर अख्ख्या गावाची चूल पेटली, तिची नोंद नीट व्हायला पाहिजे एवढंच म्हणतोय. हमालांचं वाचून तर मला जास्तच वाटायला लागलं. बोरघाटाबद्दल पुस्तकं आहेत, माथेरानच्या गाडीवर लेखांवर लेख आहेत, आणि सव्वातीनशे किलोमीटरच्या बार्शी लाईटबद्दल मराठीत सलग वाचायला काही हाताशी लागत नाही.

बरं, माझा पहिला प्रश्न अर्धा राहिलाय. लाईन १८५९ ची हे कळलं. पण आत्ताची जी जुनी दगडी बांधकामं आहेत ती तेव्हाची आहेत का?

रूळवेडा
लाईनचं साल आणि इमारतीचं साल वेगळं धरायचं. सुरुवातीच्या काळात कंपन्या आडबाजूच्या स्टेशनांवर तात्पुरतं काहीतरी उभं करायच्या आणि उत्पन्न वाढलं की पक्कं बांधायच्या. त्यात जंक्शन झालं की फलाट वाढतात, ऑफिसं वाढतात, जुन्या भिंतीला नवी भिंत जोडली जाते. त्यामुळं एका इमारतीत दोन-तीन काळ सापडतात.

तुम्ही स्वतः करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. जुन्या स्टेशनावर शेडचे खांब, कुंपणाचे खांब, नावाच्या पाटीचे खांब हे काढून टाकलेल्या रुळांचेच केलेले असतात. रुळाचा जो मधला उभा भाग असतो ना, त्याच्यावर कारखान्याचं नाव आणि रूळ तयार केल्याचं साल उठावदार अक्षरात असतं, कधी कधी रेल्वे कंपनीची आद्याक्षरंही. रंगाचे थर बसलेले असतात त्यामुळं सरळ बघून वाचता येत नाही. संध्याकाळी टॉर्च रुळाला जवळजवळ चिकटवून तिरका मारा, सावलीत अक्षरं उठतात. नाहीतर कागद लावून पेन्सिल आडवी घासा. फक्त एवढं लक्षात ठेवा, की रूळ आधी लाईनवर झिजला आणि मग खांब झाला, तेव्हा खांबावर १८९० असलं तर शेड १८९० च्या नंतरची एवढंच सिद्ध होतं. आणि रुळाजवळ, फलाटाखाली उतरून हे करू नका. स्टेशन मास्तरांना आधी विचारा, बहुतेक जण आनंदानं मदत करतात.

हलका, बुटका रूळ खांबाला दिसला तर तो नॅरोगेजचा. बाजूला ब्रॉडगेजचा ठेवलात तर फरक लगेच कळतो.

माहेर_बार्शी
हे मी बार्शीला पण करून बघणार. कागदपत्रं कुठं मिळतील याची?

रूळवेडा
मुंबईला फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं जुने सरकारी पत्रव्यवहार बघता येतात. कंपनी लंडनची असल्यामुळं तिकडं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातही बघायला हवं. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर मात्र घरबसल्या वाचता येतं. ते बार्शी लाईटच्या आधीचं आहे, त्यामुळं गाडी नसतानाचा बार्शीचा कापूस बाजार कसा होता ते कळतं.

चंद्रभागा
कागदांइतकीच माणसंही गाठायला हवीत. कागदात वाघीण किती टनांची ते मिळेल, वाघिणीत बसून टाळ वाजवणारी बाई नाही मिळणार.

गार्डाचा_मुलगा
चंद्रभागाताईंशी सहमत. माझ्याकडं वडिलांचा हातदिवा आहे, लाल-हिरव्या-पांढऱ्या काचा फिरवायचा, आणि पुठ्ठ्याची थोडी जुनी तिकिटं आहेत, त्यावर तारखेचा ठोकून उमटवलेला शिक्का नुसत्या बोटाला लागतो. फोटो टाकतो. वडिलांच्या बरोबरचे एक निवृत्त ड्रायव्हर काका कुर्डुवाडीतच राहतात, कानानं कमी ऐकतात पण आठवण पक्की आहे. वर्कशॉपमधले एक फिटर मामाही आहेत.

सीनाकाठ
दादा, लगेच ठरवूया. मी रेकॉर्डिंगला येतो, काकांना त्रास होणार नाही अशी वेळ तुम्ही सांगा. काय काय विचारायचं ते सगळ्यांनी इथं खाली लिहा म्हणजे काही सुटायला नको.

लातूरकर
घाटात गाडी मागं घसरायला लागली तर काय करायचे ते विचारा. आणि रात्री घाटात इंजिन बंद पडलं तर निरोप कसा पाठवायचे ते.

पुणेरी_पांथस्थ
पगार किती होता, ड्युटी किती तासांची होती आणि हमालांना पैसे कोण द्यायचं, रेल्वे की ठेकेदार. हे नक्की विचारा.

माहेर_बार्शी
लाईनवर बायका कामाला होत्या का, कुठल्या कामाला? आणि बार्शीच्या व्यापाऱ्यांची गोष्ट त्यांनीही ऐकलीये का, तेवढं माझ्यासाठी विचारा.

गार्डाचा_मुलगा
सगळं लिहून घेतलं. काकांशी आत्ताच बोललो, रविवारी सकाळी या म्हणाले. फिटर मामांना तेच बोलावून घेतायत. सीनाकाठ, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा.